गूगल मॅपचा पिन आणि जिओकॅशचे कोऑर्डिनेट : टिंब तेच, हिशोब वेगळा

जिओकॅशिंगला, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेला डबा शोधायच्या खेळाला, नव्याने लागलेल्या माणसाचा एक मेसेज ठरलेला असतो, "लोकेशन टाकलं, पोहोचलो, इथं तर नुसतं कपाशीचं वावर आहे." मग खाली सल्ल्यांचा पाऊस, फोन रिस्टार्ट कर, नेटवर्क बघ, जीपीएस खराब दिसतोय. जीपीएस खराब नाहीये भो. पिनवाले आकडे आणि कॅशवाले (कॅश म्हणजे तो लपवलेला डबा, पैसे नव्हे) आकडे एकच समजून टाकलेत, एवढंच झालंय, आणि हे समजावून सांगून माझं तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पिनबद्दल काय सांगायचं, सगळ्यांना येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आला, दाबला, मंगल कार्यालयाच्या गेटवर जाऊन उभे. त्याच्या पोटात अक्षांश-रेखांशाचे आकडे (कोऑर्डिनेट) असतात पण ते बघायची वेळच येत नाही.

जिओकॅशिंगमध्ये मात्र आकडे हाच सगळा खेळ. कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे आकडे वेबसाइटवर टाकतो, बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि होता तिथं तसाच परत ठेवायचा. (परत ठेवायचा! गॅदरिंगच्या ट्रेझर हंटसारखा जिंकून घरी न्यायचा नसतो.) सुरुवातही आकड्यांनीच झाली. २००० च्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचं सरकार साध्या लोकांसाठी जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायचं, शंभरेक मीटरची चूक यायची, ते बंद केल्यावर लगेच ३ मे २००० ला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात एक बादली लपवली आणि इंटरनेटवर आकडे टाकले : एन ४५° १७.४६० डब्ल्यू १२२° २४.८००. गूगल मॅप आला २००५ ला, म्हणजे पिनचा तेव्हा पत्ताच नव्हता. आकडे लिहायची तीच पद्धत आजही चालू आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नीट बघा. पिनमध्ये आकडा असतो २१.०१००, ७५.५६५० असा. हे जळगाव शहरातलं एक ठिकाण. यात टिंबानंतर जे आहे तो अंशाचा दशांश भाग. हेच ठिकाण जिओकॅशवाले लिहितात एन २१° ००.६००, ई ०७५° ३३.९००. इथं अंश संपला गोल चिन्हापाशी, पुढचे ०० आणि ३३ ही मिनिटं, आणि टिंबानंतरचं जे आहे तो मिनिटाचा दशांश भाग. एका अंशाची ६० मिनिटं, १०० नाही. अडीच तास म्हणजे २.५ तास, २.३० तास नव्हे, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, तोच नियम. पंचांगात अंश-कला असतं ना, त्यातली कला म्हणजेच हे मिनिट. ज्यांच्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणला, भास्कराचार्यांच्या नातवाने कोरून घेतलेला शिलालेख सापडला त्यांनी तरी ६० आणि १०० मध्ये गोंधळ घालू नये असं मला वाटतं, पण घालतात.

आता गोंधळ घातला की काय होतं? वरच्या आकड्यातलं गोल चिन्ह खाऊन टाकून २१.००६००, ७५.३३९०० असं मॅपमध्ये टाकलं तर तुम्ही जळगावच्या साडेतेवीस किलोमीटर पश्चिमेला, धरणगावच्या अलीकडे कुठंतरी. उलटं केलं, म्हणजे पिनमधलं ७५.५६५० उचलून ७५° ५६.५० म्हणून टाकलं, तर सरळ वरणगावच्या बाजूला, जवळपास चाळीस किलोमीटर पूर्वेला. पण या दोन्ही चुकांचं मला काही वाटत नाही, कारण घरीच मॅपवर दिसतं की गडबड आहे, आणि नाही दिसलं तर गाडीचं पेट्रोल शिकवतं.

खरी घातक चूक तिसरी आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गूगल मॅप कधी कधी अंश-मिनिट-सेकंद असंही दाखवतो, २१° ००' ३६" आणि ७५° ३३' ५४". लोक हे ५४ सेकंद उचलतात आणि ३३.५४ मिनिटं म्हणून लिहितात. खरं तर ५४ सेकंद म्हणजे ०.९ मिनिट. या चुकीने तुम्ही पन्नास किलोमीटर जात नाही, पाचशे-सहाशे मीटर सरकता, दोन्ही आकड्यांत केली तर फार तर किलोमीटरभर. आणि तेच वाईट! समजा कोणी लळिंगच्या किल्ल्यावर डबा ठेवलाय, तर तुम्ही किल्ल्याच्या परिसरातच आहात, सगळं बरोबर वाटतंय, फक्त उतारावर भलत्याच टेकाडाचे दगड उलटून बघताय. तोरणमाळला किंवा मनुदेवीच्या बाजूला सातपुड्यात तर पाचशे मीटर म्हणजे नाल्याच्या पलीकडचा डोंगर. दोन तास ऊन खायचं आणि मग वेबसाइटवरच्या नोंदीत (लॉगमध्ये) लिहायचं "डबा चोरीला गेला", आणि ज्याने ठेवला तो बिचारा कामधंदा सोडून बघायला जातो तर डबा जागच्या जागी.

यावर उपाय सोपा आहे, डोक्यात गणित करत बसू नका. गूगल मॅपच्या सर्चमध्ये अंश आणि मिनिट यांच्यामध्ये टिंब न देता मोकळी जागा सोडायची : २१ ००.६००, ७५ ३३.९००. मॅपला बरोबर कळतं. आधी अक्षांश मग रेखांश, आणि मिनिटांचा आकडा कधीही ६० किंवा त्याच्या वर नसतो, दिसला तर समजायचं की दशांशवाला आकडा चुकून मिनिटात घुसलाय. जिओकॅशिंगच्या अ‍ॅपवरून सरळ नेव्हिगेट करत असाल तर यातलं काहीच लागत नाही, पण मल्टी-कॅश (टप्प्याटप्प्याने शोधायची) किंवा मिस्टरी कॅश (आधी कोडं सोडवायची) असली की पुढचे आकडे स्वतः काढून हाताने टाकावे लागतात, तिथं सगळे आपटतात.

बाकीचे फरक किरकोळ. मिनिटाच्या टिंबानंतरचा तिसरा अंक म्हणजे जमिनीवर पावणेदोन मीटरच्या आसपास, तेव्हा तीनच अंक पुरे. पिनमधून दहा-दहा अंक कॉपी करून पाठवणाऱ्यांचं मला नवल वाटतं, मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर इकडं-तिकडं असतो, कड्याखाली नि झाडीत त्याहून जास्त, मग ते अंक कोणासाठी? म्हणून जवळ पोहोचलात की फोन खिशात घाला आणि डोळ्यांनी शोधा. बिळात हात घालण्याआधी काठी. खुरपं-टिकाव तर अजिबात नको, एकतर कॅश सहसा पुरलेली नसते, आणि दुसरं म्हणजे किल्ल्यावर खणताना दिसलात की गावकरी गुप्तधनवाले समजून पकडतील, त्यांचं चूकही नाही.

आणि कृपा करून मॅपचा स्क्रीनशॉट पाठवू नका. आकडे पाठवा, टाइप करून, गोल चिन्हासकट. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, आपल्या खान्देशात पहिला आकडा २०-२१ च्या घरातला आणि दुसरा ७४-७६ च्या, क्वचित नंदुरबारकडं ७३. उलटे टाकलेत तर थेट नॉर्वेच्या वरच्या समुद्रात जाल.