सम्राटाच्या उशाशी कोण? चीनमधल्या वारसाकलहांची पार्श्वभूमी

इ.स.पू. २१० च्या उन्हाळ्यात चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग दौऱ्यावर असताना शाछिऊ इथे वारला. अख्खा चीन एका छत्राखाली आणून जेमतेम अकरा वर्षं झाली होती आणि युवराज कोण, हे त्याने ठरवलेलंच नव्हतं. थोरला मुलगा फूसू उत्तर सीमेवर सेनापती मंग थिएनजवळ होता. विद्वानांना दिलेल्या शिक्षांबद्दल त्याने वडिलांना विरोध केला, म्हणून त्याची तिकडे रवानगी झाली होती. अखेरच्या दिवसांत सम्राटाने त्याच्यासाठी पत्र लिहवून घेतलं : राजधानी श्यानयांगला ये, माझे अंत्यसंस्कार कर. पत्रावर मोहोर उमटली, पण ते रवाना होण्याआधीच सम्राटाने डोळे मिटले. पत्र आणि मोहोर दोन्ही राहिलं झाओ गाओ या दरबाऱ्याच्या हातात. धाकटा राजपुत्र हूहाई त्याचाच शिष्य.

झाओ गाओने महामंत्री ली सी याला फोडलं. फूसू गादीवर आला तर तुझं पद मंग थिएनकडे जाईल, ही भीती पुरेशी होती. मृत्यू लपवला गेला. बंद रथात रोज जेवण जात राहिलं, आतून हुकूम येत राहिले. उन्हाळ्यात प्रेताची दुर्गंधी सुटली, तेव्हा खारवलेली मासळी सोबतच्या गाड्यांत भरून तो वास झाकला. सीमेवर पोहोचलं ते बनावट पत्र : फूसू आणि मंग थिएन यांनी स्वतःचा जीव घ्यावा. आधी खातरजमा करू या, असं मंग थिएनने परोपरीने विनवलं. बापाने मुलाला मरायला सांगितलं तर पुन्हा काय विचारायचं, म्हणत फूसूने प्राण दिला. त्याच्या हाताशी सीमेवरची मोठी फौज होती, हे लक्षात घेतलं की ही घटना फार अस्वस्थ करते.

ही हकीकत सिमा छ्येन या इतिहासकाराची, घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेली. २००९ साली पेकिंग विद्यापीठाकडे आलेल्या बांबूपट्ट्यांवरच्या, छिननंतरच्या हान घराण्याच्या काळातल्या एका मजकुरात मात्र हूहाईची निवड सम्राटानेच मान्य केल्याचं म्हटलं आहे. त्यामुळे कारस्थानाचा तपशील शंभर टक्के खरा धरू नये. पुढचं मात्र स्पष्ट आहे : गादीवर आलेल्या हूहाईने भावाबहिणींची कत्तल केली, ली सी मारला गेला आणि इ.स.पू. २०६ मध्ये घराणंच बुडालं.

पट्टराणीचा थोरला मुलगा वारस, हा संकेत छिनच्या आधीच्या झोऊ काळापासून सर्वांना ठाऊक होता. पण छिन शी ह्वांगने पट्टराणी केल्याची नोंदच सापडत नाही. शिवाय सम्राटाचा शब्द कोणत्याही संकेताच्या वर. माझ्या मते सगळ्या भांडणांचं मूळ इथे आहे : नियम होता, पण तो सम्राटाला बांधत नव्हता, मग त्याच्या उशाशी असलेल्यांचं फावत असे.

हान घराण्याचा संस्थापक लिऊ बांग यालाही लाडक्या छी राणीच्या मुलाला, रूयीला, युवराज करायचं होतं. पट्टराणी ल्यू झीने सम्राटाचा सल्लागार झांग लिआंग याचा सल्ला घेतला आणि सम्राटाच्या बोलावण्याला कधीच न जुमानणारे चार वृद्ध ज्ञानी आपल्या मुलाच्या, म्हणजे आधीपासूनच्या युवराजाच्या, बाजूला आणून उभे केले. लिऊ बांगने बेत सोडला. इ.स.पू. १९५ मध्ये तो गेल्यावर ल्यू झीने रूयीला विष दिलं आणि छीचे हातपाय तोडून तिचे अतोनात हाल केले. इ.स.पू. १८० मध्ये ती स्वतः वारली, तेव्हा मंत्र्यांनी तिच्या माहेरचं अख्खं कूळ कापून काढलं. नवा सम्राट निवडताना त्याचं आजोळ निरुपद्रवी आहे ना, हेही त्यांनी पारखून घेतलं.

पुढचा हान सम्राट वू याने राणीच्या वर्चस्वाच्या याच भीतीपोटी टोक गाठलं. जादूटोण्याच्या आरोपांतून इ.स.पू. ९१ मध्ये त्याचा युवराज लिऊ जू बंडाला प्रवृत्त झाला आणि मेला. पुढे लहानग्या मुलाला, फूलिंगला, वारस करायचं ठरलं, तेव्हा सम्राटाने त्याच्या तरुण आईलाच मारवलं. मुलाच्या आडून तिने राज्य करू नये म्हणून. राज्यकारभार मग हुओ गुआंग या मंत्र्याकडे गेला. फूलिंग इ.स.पू. ७४ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा हुओने एका राजपुत्राला गादीवर बसवलं आणि २७ दिवसांत खाली खेचलं. त्याच्या जागी आला तो लिऊ जूचा नातू, जो तान्हेपणी तुरुंगात होता. पदच्युतीचा हुकूम निघाला फूलिंगच्या विधवेच्या नावाने. ती पंधराएक वर्षांची मुलगी म्हणजे हुओ गुआंगच्याच लेकीची लेक.