चाप घासला की नेम सुधारतो?

1 ऑगस्ट 2024 ला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून नेमबाजी शिकणारी मुलं मला एकच प्रश्न विचारतात: नव्या रायफलचा चाप घरी पॉलिश पेपरने घासून हलका केला तर? व्हिडिओत अर्ध्या तासात करून दाखवतात म्हणे.

चापाचं महत्त्व आधी पाहू. 50 मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं. खांद्याला टेकलेल्या रायफलचं तोंड खांद्यापासून मीटरभर पुढे असतं. ते 0.1 मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतकं हललं, तर लक्ष्यावर नेम 5 मिलिमीटर सरकतो. मधोमध धरलेला नेम वर्तुळाच्या कडेला जातो. बोटाचा बारीकसा हिसका एवढं सहज करतो.

हा हिसका येतो कुठून? चाप स्वतः गोळी उडवत नाही. आत दाबलेल्या स्प्रिंगला एक पोलादी खिटी अडवून धरते, उंदराच्या सापळ्यात असते तशीच. तिला सीअर म्हणतात. चाप फक्त ही खिटी खाचेतून सरकवतो. काडेपेटीत चार नाणी भरून तिला रबरबँड बांधा आणि टेबलावरून अगदी सावकाश ओढा. रबर ताणत जातं, पेटी हलत नाही, आणि मग एकदम टुणकन पुढे येते. थांबलेल्या वस्तूचं घर्षण सरकणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त असतं, म्हणून असं होतं. खिटीही तशीच अडखळत सरकते. पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे कमी केले की हे अडखळणं कमी होतं, इथवर व्हिडिओवाल्यांचं बरोबर आहे.

पण खाचेला उतार असतो, आणि खरी गोष्ट त्या उतारात आहे. उतार बाहेरच्या बाजूला झुकला, तर स्प्रिंगच खिटीला सतत बाहेर ढकलते आणि तिला रोखतं ते केवळ घर्षण. उताराच्या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात ते सांगणाऱ्या आकड्यापेक्षा, कमी आहे तोवरच खिटी टिकते. कोरड्या पोलादावर पोलादाचा घर्षणांक साधारण 0.5 च्या वर, तेल लावलेल्याचा 0.1 च्या आसपास. 6 अंशांचा टॅन्जंट 0.105! कोरडी असताना घट्ट बसलेली खिटी तेलाच्या एका थेंबाने सुटायच्या बेतात येते. म्हणून उतार उलटा ठेवतात: सुटण्यासाठी खिटीला स्प्रिंग आणखी किंचित दाबावी लागते आणि बोट मध्येच सैल केलं तर ती परत आत बसते. कारखान्यातला चाप जड लागतो तो काही अंशी यामुळेच. हाताने घासताना कोन एक-दोन अंशांनी फिरला, तर डोळ्यांना कळतही नाही.

दुसरी अडचण धातूची. अशा अनेक भागांचं पोलाद फक्त वरच्या पातळ थरात कडक केलेलं असतं. तो थर घासला गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिले काही दिवस चाप लोण्यासारखा लागतो, मग खाचेची धार गोल होत जाते.

‘रायफल हाताला लाभावी लागते’ असं रेंजवर ऐकू येतं. लाभण्याचा संबंध नाही. बोटाला दरवेळी सारखाच दाब, सारख्याच जागी लागला पाहिजे. म्हणून स्पर्धेच्या बऱ्याच रायफलींना दोन टप्प्यांचा चाप असतो: पहिल्या टप्प्यात खिटीचं बरंचसं अंतर निघून जातं, मग बोटाला भिंत लागते, आणि उरलेलं अगदी थोडं अंतर नेम स्थिर झाल्यावर ओढायचं. ‘जितका हलका तितका अचूक’ ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. 10 मीटर एअर पिस्तुलाला तर निदान 500 ग्रॅमचा चाप नियमानेच लागतो.

मुलांना मी सांगतो, चापाला जोडलेले समायोजनाचे स्क्रू असतील तर ते प्रशिक्षकासमोर, पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत फिरवा. खाचेला हात लावू नका. ते काम परवानाधारक आर्मररचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याने बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. गोल झालेल्या धारेची रायफल, चापाला बोटही न लावता, नुसता दस्ता जमिनीवर आपटला तरी सुटू शकते.