न्यू जर्सीत घरामागे डेक बांधायचाय? परमिट, कागदपत्रं आणि इन्स्पेक्शन, सगळं एका ठिकाणी

एप्रिल-मे आला की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न येतोच, डेकला, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याला, परमिट लागतं का हो? आणि मग कोणी म्हणतं लागतं, कोणी म्हणतं आमच्याकडे तर नाही घेतलं, कोणी म्हणतं २०० चौरस फुटाच्या आत असेल तर नाही लागत. आम्ही दोन वर्षांपूर्वी स्वतः सगळं करून डेक बांधला, टाउनशिपच्या (म्हणजे गावच्या नगरपालिकेच्या) ऑफिसात किती खेपा झाल्या ते मोजलं नाही, पण प्रक्रिया पाठ झाली. म्हणून नीट लिहितोय.

आधी ते २०० चौरस फुटाचं. ही गोष्ट इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमधून आलीये, सगळे त्याला आयआरसी म्हणतात. त्यात डेकला सूट आहे पण चार अटी एकदम पाळल्या तरच: २०० चौरस फुटांपेक्षा मोठा नको, जमिनीपासून कुठेही ३० इंचांपेक्षा उंच नको, घराला जोडलेला नको आणि घराच्या बाहेर पडायच्या मुख्य दाराशी नको. आता आपला डेक असतो कसा, किचनचं सरकतं दार उघडलं की थेट त्यावर पाय, म्हणजे घराला जोडलेलाच. तिथेच सूट संपली. शिवाय आयआरसी हा नमुना कोड आहे, प्रत्येक राज्य त्यात बदल करून घेतं, आणि न्यू जर्सीत राज्याचा स्वतःचा युनिफॉर्म कन्स्ट्रक्शन कोड चालतो. त्यामुळे टेक्सासमधल्या मावसभावाचं ऐकून इकडे काम सुरू करू नका. घराला जोडलेला डेक असेल तर परमिट लागणार हे धरूनच चाला.

दुसरी गोष्ट जी आम्हाला सुरुवातीला कळलीच नव्हती, परवानग्या दोन असतात. एक झोनिंगची आणि एक बांधकामाची. झोनिंगवाला बघतो की डेक कुठे येतोय, बांधकामवाला बघतो की तो पडणार तर नाही. झोनिंग आधी. ते मंजूर झाल्याशिवाय बांधकामाचं परमिट हातात पडत नाही, म्हणून आधी महागडी ड्रॉइंग करून घेऊ नका, डेकच मागे सरकवायला लागला तर सगळे पैसे वाया.

झोनिंगसाठी मुख्य कागद म्हणजे घराचा सर्व्हे, प्लॉटच्या हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा. घर घेताना क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होतानाच्या) फाइलमध्ये मिळालेला असतो, शोधा. त्यावर डेकचा चौकोन मापात काढायचा आणि मागच्या, डाव्या, उजव्या हद्दीपासून किती फूट अंतर राहतं ते लिहायचं. इथे एक बारीक चूक बरेच जण करतात, सर्व्हेची झेरॉक्स काढताना तो लहान करून कागदावर बसवतात, मग त्यावर छापलेली स्केल खोटी ठरते आणि अर्ज परत येतो. मूळ साइजचीच कॉपी काढा. हद्दीपासून किती अंतर सोडायचं हे प्रत्येक टाउनशिपचं आणि प्रत्येक झोनचं वेगळं असतं, एडिसनचं पार्सिपनीला लागू नाही. प्लॉटचा किती टक्के भाग झाकला जातो त्यालाही मर्यादा असते, आणि डेक त्यात धरतात की नाही हेही गावागणिक बदलतं, ते फोन करूनच विचारा. कॉर्नरचा प्लॉट असेल तर बहुतेक ठिकाणी दोन्ही रस्त्यांकडची बाजू समोरची धरतात, मग जागा अजून कमी होते. आणि सर्व्हेवर ईझमेंट (तुमच्या जमिनीतली दुसऱ्याला वापरायचा हक्क असलेली पट्टी) लिहिलेल्या तुटक रेषा असतील तर तिकडे आधी लक्ष द्या. आमच्या मागच्या अंगणात पावसाच्या पाण्याच्या पाइपसाठी तशी पट्टी होती, आठ वर्षं त्या घरात राहून आम्हाला माहीत नव्हतं, त्यावर डेकचा एक खांब येत होता तो आत घ्यायला लागला.

घरामागे ओढा किंवा पाणथळ जागा असेल, सेप्टिक टँक असेल तर अजून परवानग्या लागू शकतात. घरमालकांची असोसिएशन असेल तर त्यांचं पत्र वेगळं, आणि ते मिळालं म्हणजे टाउनशिपची परवानगी मिळाली असं नाही, उलटही नाही. टाउनहाउसवाल्यांनी तर आधी मास्टर डीड (वसाहतीचा मूळ मालकी-दस्त) वाचावी, कारण बऱ्याच ठिकाणी डेकची जागा तुमच्या एकट्याच्या मालकीची नसते.

अंतर बसतच नसेल तर व्हेरियन्स, म्हणजे झोनिंगच्या नियमातून सूट, मागता येतो. त्यासाठी टाउनशिपच्या बोर्डापुढे जाहीर सुनावणी होते, २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्ताधारकांना किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, जाहीर नोटीस प्रसिद्ध करावी लागते. होतं, पण वेळ आणि पैसा दोन्ही जातात. दोन फूट छोटा डेक चालत असेल तर छोटा करा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बांधकामाचा अर्ज. फॉर्म सगळ्या राज्यात सारखे आहेत, ही चांगली गोष्ट. एफ-१०० हा मुख्य अर्ज, सगळे त्याला जॅकेट म्हणतात, आणि एफ-११० हा बिल्डिंगचा भाग. डेकवर लाइट किंवा प्लगपॉइंट टाकणार असाल तर एफ-१२० पण. सोबत डेक काढलेला सर्व्हे, झोनिंगची मंजुरी, ड्रॉइंग (किती प्रती ते विचारा, काही ठिकाणी आता ऑनलाइन पीडीएफ चालते), आणि कॉन्ट्रॅक्टर असेल तर त्याचं राज्याकडचं रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स. रजिस्ट्रेशन नंबर १३व्हीएचने सुरू होतो, तो राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर टाकून तपासता येतो, पाच मिनिटांचं काम आहे पण करा. ५०० डॉलरच्या वरचं काम असेल तर करार लेखी असायलाच पाहिजे.

जॅकेटवर एक जागा आहे जिथे घरमालक सही करून सांगतो की हे काम मी स्वतः करतोय किंवा माझ्या देखरेखीखाली होतंय. खूप कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, परमिट तुम्हीच काढा ना, लवकर होतं, स्वस्त पडतं. आमच्याकडे कोटेशन द्यायला आलेल्या एकाने हेच सांगितलं, गोड बोलून. नका करू. तुम्ही ती सही केली आणि काम मात्र तो करतोय, म्हणजे सरकारी कागदावर तुम्ही खोटं लिहिलंत आणि उद्या काही बिघडलं तर जबाबदार तुम्ही. जो काम करणार त्यानेच परमिट काढायचं. तो काढायला तयार नसेल तर त्याचं रजिस्ट्रेशन संपलंय का हे आधी बघा.

स्वतःच्या राहत्या, एका कुटुंबाच्या घरासाठी आणि काम स्वतः करणार असाल तर ड्रॉइंग स्वतः काढता येतं, आर्किटेक्टचा शिक्का लागत नाही, प्रत्येक पानावर सही करायची आणि तसं लिहून द्यायचं. कॉन्ट्रॅक्टर करणार असेल तर त्याने काढलेलं ड्रॉइंग चालेल का हे ऑफिसला आधी विचारा. मी आमचं स्वतः काढलं, ग्राफ पेपरवर, पेन्सिलीने. अमेरिकन वूड कौन्सिलचं डीसीए ६ नावाचं मार्गदर्शक फुकट मिळतं, त्यात तक्ते आणि आकृत्या आहेत, ते शेजारी ठेवून काढलं तर सामान्य माणसाला जमतं. ड्रॉइंगमध्ये वरून दिसणारा नकाशा हवा, बाजूने कापलेला छेद हवा, आणि फुटिंग (खांबाखालचा कॉंक्रीटचा पाया), घराला जोडायची जागा, रेलिंग, जिना या चार गोष्टींचे जवळून काढलेले तपशील हवेत. लाकूड कोणतं, किती बाय किती, किती अंतरावर, सगळं लिहायचं. उदाहरणार्थ सदर्न पाइन नंबर २ चं दोन बाय दहाचं जॉइस्ट (फळ्यांखालची आडवी तुळई) दर १६ इंचांवर लावलं तर १४ फुटांपर्यंत जातं, दोन बाय आठ घेतलं तर १२ फूटसुद्धा पूर्ण जात नाही. डेक ४० पौंड प्रति चौरस फूट एवढा भार पेलेल असा धरतात. गणपतीला आपल्याकडे आरतीच्या वेळी किती माणसं एका कोपऱ्यात उभी असतात ते आठवा, म्हणजे हा आकडा कशासाठी ते कळेल.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे लेजर. डेकची जी फळी घराच्या भिंतीला ठोकतात ती. ती खिळ्यांनी लावायची नाहीच, अर्धा इंच जाडीचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू लागतात, ठरलेल्या अंतरावर, वर-खाली असे. साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) काढून आतल्या रिम बोर्डाला (घराच्या सांगाड्याच्या कडेच्या तुळईला) जोडायचं, साइडिंगवरून नाही. भिंत बाहेरून विटांची दिसत असेल तर त्या विटांना लेजर लावता येत नाही, तो नुसता पातळ थर असतो. आणि इकडच्या कलोनियल घरांना मागे नाश्त्याच्या टेबलाचा जो बाहेर आलेला भाग असतो, खाली पाया नसतो, त्यालाही इंजिनियरने डिझाइन केल्याशिवाय जोडता येत नाही. अशा वेळी घराला न जोडता स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा डेक करा, तो जास्त सोपा. लेजरच्या वर फ्लॅशिंग म्हणजे पाणी बाहेर टाकणारी पट्टी पाहिजेच. कॅलिफोर्नियात बर्कलीला जून २०१५ मध्ये एका इमारतीची बाल्कनी कोसळून सहा जण गेले, आत पाणी जाऊन लाकूड कुजलेलं होतं. वरून काही दिसत नाही हो. आणि हल्लीच्या प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) लाकडात तांबं असतं, साधं लोखंड त्यात गंजतं, म्हणून सगळे बोल्ट आणि जॉइस्ट हँगर (जॉइस्ट धरणारे धातूचे खोबणे) हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस.

रेलिंगचं सोपं आहे, डेक ३० इंचांपेक्षा उंच असेल तर लागतं, उंची किमान ३६ इंच, आणि कुठल्याही फटीतून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, कारण लहान मुलाचं डोकं अडकतं. जिन्याला चार किंवा जास्त चढ असतील तर हाताला धरायचा कठडा ३४ ते ३८ इंचांवर, आणि तो मुठीत मावला पाहिजे, सपाट आडवी फळी चालत नाही. हॉट टब ठेवायचा असेल तर डीसीए ६ चे तक्ते लागू होत नाहीत, इंजिनियर घ्या.

अर्ज पूर्ण दिल्यावर टाउनशिपने २० कामकाजाच्या दिवसांत हो की नाही सांगायचं असतं. उत्तर ‘नाही’ असं आलं तरी घाबरू नका, काय दुरुस्त करायचं त्याची यादी येते, आम्हाला पण आली होती, जिन्याच्या खालच्या टोकाला काय आधार आहे ते दाखवलं नव्हतं. अगदीच पटलं नाही तर काउंटीच्या कन्स्ट्रक्शन बोर्ड ऑफ अपील्सकडे १५ दिवसांत जाता येतं. परमिट मिळालं की १२ महिन्यांत काम सुरू करायचं आणि मध्ये सहा महिने बंद ठेवायचं नाही, नाहीतर ते रद्द होऊ शकतं. परमिटचं कार्ड रस्त्यावरून दिसेल असं लावायचं.

खणायच्या आधी ८११ ला फोन. किमान तीन कामकाजाचे दिवस आधी. फुकट आहे, गॅस, वीज, केबलवाले येऊन रंगाने खुणा करून जातात.

मग फुटिंग. थंडीत इथली जमीन गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलला जातो, म्हणून फुटिंग गोठणरेषेच्या खाली जायला पाहिजे, आमच्याकडे ३६ इंच. कॉंक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्शन, हे विसरू नका, आधी ओतलंत तर फोडायला लावू शकतात. तेव्हा माझे बाबा नाशिकहून आलेले होते सहा महिन्यांसाठी, सहाही खड्डे आम्ही दोघांनी मिळून खणले. आदल्या रात्री पाऊस झाला. सकाळी इन्स्पेक्टर आला, टेप सोडली, पाच खड्डे ठीक, सहाव्यात ३३ इंच. रात्री कडेची माती ढासळून खाली बसली होती, शिवाय तळाला चिखल. तो म्हणाला, सैल माती काढा, खालची घट्ट जमीन लागू दे, मी दुपारी परत जाताना बघतो. बाबांनी पहार घेतली, मी डब्याने चिखल उपसला, दीड वाजता तो परत आला आणि सही केली. बाबा मला म्हणाले, अरे, आपल्या नाशिकच्या घराचा पाया कोणी असा वाकून बघितला नव्हता. इन्स्पेक्टर आपल्याला त्रास द्यायला येतो असं मला आधी वाटायचं, त्या दिवसानंतर नाही वाटलं.

पुढचं इन्स्पेक्शन फ्रेमिंगचं, म्हणजे सांगाड्याचं, फळ्या ठोकायच्या आधी, विशेषतः डेक बुटका असेल तर, कारण नंतर खाली शिरता येत नाही. काम त्या टप्प्याला यायच्या २४ तास आधी कळवायचं, आणि त्यांनी तीन कामकाजाच्या दिवसांत यायचं असतं. वायरिंग असेल तर त्याचं वेगळं. मग फायनल, आणि शेवटी सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल. हा कागद हातात येईपर्यंत कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता देऊ नका, करारातच तसं लिहून घ्या. डेकमुळे टॅक्स असेसमेंट थोडं वाढतं, ते होणारच.

आता ज्यांनी घर घेतलं तेव्हाच मागे डेक होता त्यांच्यासाठी. तो परमिट घेऊन बांधला होता का हे तपासता येतं, टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्रा कायद्याखाली अर्ज करायचा, आपल्या माहिती अधिकारासारखंच आहे, ब्लॉक आणि लॉट नंबर टाकून घराची परमिट फाइल मागायची, साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं. परमिट नसेल किंवा उघडलेलं परमिट बंदच झालं नसेल तर घर विकताना तिथेच अडकतं, खरेदीदाराचा वकील पहिली हीच गोष्ट मागतो. आत्ताच ऑफिसात जाऊन सांगा की आधीच्या मालकाने केलंय, आम्हाला नियमित करायचंय. दोन-तीन ठिकाणी फुटिंगच्या कडेने खणून दाखवायला सांगतील, लेजरचे बोल्ट बघतील, कमी असतील तर वाढवायला लावतील. डेक २००४ च्या आधीचा असेल तर लाकडात आर्सेनिक असण्याची शक्यता धरा, घरांसाठी ते लाकूड बनवणं २००३ च्या अखेरीस बंद झालं, त्यामुळे जुन्या फळ्या काढल्यात तर त्या अंगणातल्या शेकोटीत अजिबात जाळू नका, कुठे टाकायच्या ते टाउनशिपच्या रिसायकलिंगवाल्यांना विचारून घ्या.