विद्यापीठाच्या मैदानावर कार्यक्रम: परवानगी कुठे अडते आणि का

डिसेंबर आला की राज्यातल्या विद्यापीठांच्या आवक-जावक टेबलावर एकाच मजकुराचे अर्ज पडू लागतात: ‘आमच्या विभागातर्फे अमुक तारखेला मैदानावर सांस्कृतिक कार्यक्रम आयोजित केला असून परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’ त्यातले बरेच परत येतात. कार्यक्रमात काही वावगं असतं म्हणून क्वचितच. कागद उलट्या क्रमाने गोळा केलेले असतात, हेच कारण जास्त वेळा. शुल्क, अनामत आणि अर्जाचा नमुना प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो, तो त्यांच्या परिपत्रकात बघावा. इथे फक्त सगळीकडे नडणाऱ्या गोष्टी सांगतो.

अर्ज कोणी करायचा

बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या गटाला स्वतःच्या नावाने मैदान मिळत नाही. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने, विद्यार्थी विकास संचालकांमार्फत, कुलसचिवांच्या नावे जातो. खेळाचं मैदान असेल तर क्रीडा विभागाचा अभिप्राय लागतोच, आणि त्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन सामने असतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. परीक्षेच्या काळातही तेच. बाहेरच्या संस्थेने थेट कुलसचिवांकडे, नोंदणी प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा. लेटरहेड विभागाचं आणि कार्यक्रम मात्र बाहेरच्या इव्हेंटवाल्याचा, ही युक्ती कृपया करू नका. मांडववाल्याचं कोटेशन कोणाच्या नावावर आहे एवढं पाहिलं तरी ती उघडी पडते, आणि पुढच्या वर्षी विभागाच्या खऱ्या अर्जाकडेही संशयाने बघितलं जातं.

जो कागद कोणाकडेच नसतो

सर्वांत जास्त मुलं इथे हेलपाटे मारतात. विद्यापीठ म्हणतं, आधी पोलिसांची परवानगी आणा. पोलीस ठाण्यात गेलं की गोपनीय शाखेचं टेबल विचारतं, जागामालकाचं ना हरकत पत्र कुठे आहे? जागामालक विद्यापीठ. म्हणजे पुन्हा तिकडे. आपण दोन कार्यालयांच्या मधे उभे आहोत, हे दोन्ही कार्यालयांना चांगलं ठाऊक असतं. सांगायची तसदी मात्र कोणी घेत नाही.

यातून वाट आहे. अंतिम परवानगी मागू नका, विद्यापीठाकडे ‘तत्त्वतः मान्यता’ मागा. अर्जातच स्पष्ट लिहा की ‘पोलीस, अग्निशमन व इतर सक्षम प्राधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अधीन राहून जागेबाबत ना हरकत पत्र मिळावे’. ‘अधीन राहून’ हे शब्द असले की टिपणी लिहिणाऱ्या लिपिकाला जोखीम वाटत नाही आणि फाइल पुढे सरकते. त्या पत्राच्या जोरावर पोलिसांकडे अर्ज करा, त्यांची परवानगी आली की ती जोडून विद्यापीठाकडून अंतिम आदेश घ्या. दर टप्प्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचाच. ‘साहेबांना दिलाय’ याला पोच म्हणत नाहीत.

पोलिसांकडे जाण्याआधी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश चालू आहे का, तेही पाहून घ्या. असे आदेश एका वेळी १५ दिवसांपर्यंत निघतात आणि सणासुदीला, आंदोलनांच्या काळात एकामागून एक निघत राहतात. आदेश असला म्हणजे कार्यक्रम बुडालाच असं नाही, पण लेखी परवानगीशिवाय माणसं जमवली तर आयोजक म्हणून ज्याची सही, त्याच्यावर गुन्हा. ती सही बहुधा एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाची असते.

‘पंधरा दिवस आधी’ म्हणजे कधी

परिपत्रकात ‘किमान १५ दिवस आधी’ असं असतं. मुलं अर्जावर टाकलेल्या तारखेपासून मोजतात. कार्यालय मोजतं ते सगळ्या सह्या होऊन परिपूर्ण अर्ज आवक झाला त्या दिवसापासून. विभागप्रमुख दौऱ्यावर असले तर ते दिवस तुमच्याच खात्यातून जातात. कामकाजाचे दिवस म्हटलं असेल तर शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वजा करा. आणि कार्यक्रम २० तारखेला असला तरी मांडव १८ तारखेला उभा राहणार असेल, तर जागा १८ पासून हवी असं लिहा. नाहीतर मांडववाल्याचा ट्रक सुरक्षारक्षक फाटकावर अडवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

आवाज: इथे सगळ्यांचा गैरसमज आहे

पोलिसांच्या अर्जात ध्वनिक्षेपकाचा रकाना असतो. ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद, हे ध्वनी प्रदूषण नियम, २००० पासून ठरलेलं आहे. बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या बंदीतून सवलत आहे, पण खुला रंगमंच बंदिस्त नाही. तीन बाजूंनी पडदे लावलेला शामियानाही नाही. ही पळवाट दर वर्षी कोणीतरी काढतंच.

राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी, आधी जाहीर केलेल्या दिवसांपुरती. तुमच्या स्नेहसंमेलनाची तारीख त्यात योगायोगाने बसली तर बसली.

दुसरा गैरसमज ७५ डेसिबलचा. साउंडवाले छातीठोकपणे सांगतात की पंचाहत्तरपर्यंत चालतं. नियम असा आहे की कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५. म्हणजे हिशेब ६५ वर थांबतो. पंचाहत्तरचा आकडा तिथे कामाचाच नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण शांतता क्षेत्राची. शैक्षणिक संस्था, रुग्णालयं आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसं खास अधिसूचित केलं असेल तरच तो शांतता क्षेत्र धरला जातो. अर्जात ‘परिसर शांतता क्षेत्रात आहे काय?’ असा प्रश्न आला की मुलं ‘नाही’ लिहून मोकळी होतात. तसं लिहू नका. विद्यापीठाच्या स्थावर विभागाला किंवा महापालिकेला लेखी विचारा आणि उत्तर जोडा. क्षेत्र अधिसूचित असेल तर दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहेच. शिवाय तिथे ध्वनिक्षेपक, ढोल, आवाजाचे फटाके, इतकंच काय, गर्दी खेचणारे नकला-गाण्यांचे प्रयोगसुद्धा गुन्ह्यात मोडतात. ढोल-ताशा पथकाला सुपारी देण्याआधी हे वाचा.

नाटक आणि गाणी

जाहीर प्रयोगासाठी नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र लागतं. ‘आमचं तर पथनाट्य आहे, स्टेज कुठे आहे?’ हा युक्तिवाद करत बसू नका, पोलीस तेच प्रमाणपत्र मागतात. प्रमाणपत्र सादर केलेल्या संहितेचं असतं. तालमीत सुचलेले नवे संवाद त्यात येत नाहीत. त्यामुळे संहिता पक्की करा, मग पाठवा, आणि महिनाभर तरी हाताशी ठेवा.

गाण्यांच्या हक्कांबाबत दोन टोकांची मतं ऐकू येतात: कॉलेजला काहीच लागत नाही, किंवा प्रत्येक गाण्याला पैसे भरावे लागतात. कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेला सवलत आहे. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असतील तर त्यासाठी प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असावे लागतात. तिकीट लावून गाव बोलावलं, प्रायोजकाचा फलक टांगला आणि डीजे आणला की या सवलतीचा आधार धरू नका. मग ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि गीत-संगीतासाठी आयपीआरएस, या हक्कांचे परवाने देणाऱ्या दोन संस्थांकडे वेगळ्या परवान्यांची चौकशी करावी लागते. एकाची पावती दुसऱ्याला चालत नाही.

बाकीचं थोडक्यात

मांडवासाठी अग्निशमन दलाचं ना हरकत पत्र, जोडणीसाठी परवानाधारक वीज ठेकेदाराचा चाचणी अहवाल, खाद्यपदार्थांच्या स्टॉलवाल्यांची एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी, ड्रोन उडवणार असाल तर ड्रोनची नोंदणी आणि विमानतळाजवळचं क्षेत्र आहे का याची खात्री. शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर घनकचरा नियमांप्रमाणे महापालिकेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं असतं. याला पैसे पडत नाहीत, एक पत्र पुरतं, तरी हे पत्र जवळजवळ कुणाच्याच फाइलमध्ये नसतं. झाडांना खिळे ठोकून फलक लावू नका, भिंतींवर पत्रकं चिकटवू नका. विद्रूपीकरणाविरुद्धचा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे, आणि फलकावर तुमचंच नाव छापलेलं असतं.

अनामत परत मिळवताना

मांडवाच्या खांबांचे खड्डे, धावपट्टीवर उमटलेली ट्रकची चाकं, खेळपट्टीवर सांडलेलं जनरेटरचं डिझेल या तीन गोष्टींत अनामत अडकते. ताबा घेण्याआधी क्रीडा किंवा स्थावर विभागाच्या माणसाला बरोबर घेऊन मैदानाचे फोटो काढा आणि आधीपासूनच्या खड्ड्यांची नोंद त्याच्या सहीने करून घ्या. खड्डे बुजवण्याचं काम मांडववाल्याच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या, कारण पैसे हातात पडल्यावर तो फोन उचलत नाही. कार्यक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी मैदान दाखवून ना-देय दाखला मागा. आठवडा गेला, मधे कोणाचा सामना झाला, की मैदानावरचा प्रत्येक खड्डा तुमच्या नावावर लागतो.