अक्षरं फुटतात तेव्हा नक्की काय होतं?

फ्रेंच नावात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ई (é) असतो ना, त्याच्या जागी नागमोडी टोपीवाला ए आणि कॉपीराइटचं चिन्ह (Ã©) दिसलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "फॉन्ट नाहीये". एखादा त्याच्याही पुढचा, "व्हायरस आलाय". दोन्ही चूक. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर साधारणपणे रिकामा चौकोन दिसतो. इथे तर चांगली ठसठशीत अक्षरं दिसतायत, फक्त भलतीच, म्हणजे फॉन्टने त्याचं काम चोख केलंय, त्याला आकडेच चुकीचे पोचलेत.

कॉम्प्युटर अक्षरं आकड्यांत साठवतो हे शाळेत झालेलं असतं. आस्की नावाच्या जुन्या तक्त्यात १२८ जागा, त्यात छोटा ई १०१ नंबरवर आणि रेघवाल्या ई ला जागाच नाही, कारण तक्ता अमेरिकन लोकांनी स्वतःपुरता केलेला. पण बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांच्या (० किंवा १ च्या आठ जागांच्या) गठ्ठ्यात, २५६ आकडे मावतात, मग उरलेल्या १२८ जागा ज्याने त्याने आपापल्या अक्षरांनी भरल्या. पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ तक्त्यात २३३ म्हणजे रेघवाला ई, ग्रीक तक्त्यात तोच २३३ म्हणजे आयोटा, आणि रशियन लिपीच्या एका तक्त्यात श्चा. फाइलमध्ये मात्र नुसतं २३३, तक्ता कुठला ते कुठेच लिहिलेलं नाही!

मग युनिकोड नावाची सामाईक यादी आली आणि तिने जगातल्या जवळजवळ सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकाच ठिकाणी नंबर दिले. रेघवाला ई तिथेही २३३ च राहिला. पण इतके नंबर एका बाइटमध्ये मावणार कसे? इथे येतं यूटीएफ-८, म्हणजे हे नंबर बाइटमध्ये लिहायची पद्धत, माझ्या मते कॉम्प्युटरमधल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी एक. सप्टेंबर १९९२ मध्ये बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या केन थॉम्पसनने सहकारी रॉब पाइकबरोबर न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवताना टेबलावरच्या कागदी मॅटवर तिचा आराखडा मांडला.

युक्ती अशी. बाइट ० ने सुरू झाला तर तो जुना आस्की, जसाच्या तसा. ११० ने सुरू झाला तर ते दोन बाइटचं अक्षर, १११० म्हणजे तीन, ११११० म्हणजे चार. मागून येणारा प्रत्येक बाइट १० ने सुरू होतो. म्हणजे पुढे इंजिन, मागे डबे, आणि इंजिनावरच डब्यांची संख्या लिहिलेली. मजकुरात मध्येच कुठेही उतरलात तरी १० दिसलं की कळतं हा डबा आहे, इंजिन याच्या आधी येऊन गेलंय.

आता २३३ घेऊ. बायनरीत १११०१००१. त्याचे उजवीकडचे सहा बिट काढले, १०१००१, त्यांच्यापुढे १० लावलं की १०१०१००१, म्हणजे १६९. उरले ११, त्यांना पाच जागांत बसवून ०००११ केलं, पुढे ११० लावलं की ११००००११, म्हणजे १९५. झालं, फाइलमध्ये १९५, १६९. आता एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने हे दोन बाइट लॅटिन-१ समजून वाचले तर १९५ म्हणजे नागमोडी टोपीवाला ए आणि १६९ म्हणजे कॉपीराइट. सापडला व्हायरस!

देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, तीन बाइटचं आणि पहिला बाइट कायम २२४. लॅटिन-१ मध्ये २२४ म्हणजे उलट्या रेघेचा ए. म्हणून मराठी मजकूर फुटला की तोच ए रांगेने उभा दिसतो. (संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा वगैरे फॉरवर्ड वाचणाऱ्यांनी ही रांग बघावी, मशीनला संस्कृत काय, फ्रेंच काय, सगळे बाइटच.)

एवढं जुळलं तरी एक भानगड उरतेच. रेघवाला ई दोन प्रकारे लिहिता येतो, एकतर थेट २३३, नाहीतर साधा ई १०१ आणि त्यामागे सुटी रेघ, नंबर ७६९. ती रेघ डोक्यावर नेमकी कुठे बसवायची ते फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही डिट्टो सारखे दिसतात, पण आकडे वेगळे, त्यामुळे साध्या सर्चमध्ये एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. यावर उपाय नॉर्मलायझेशन, म्हणजे तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच रूपात आणायचा. मराठीत ॲ चं मात्र तसं होत नाही. ॲ हे सलग अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन अॅ लिहायचे, आजही कित्येक जण लिहितात, आणि युनिकोडच्या नियमांत ही दोन रूपं समान धरलेलीच नाहीत. म्हणून नॉर्मलायझेशन करूनही ॲप शोधलं की अॅप सापडत नाही, सर्च लिहिणाऱ्याला ही जोडी स्वतःच हाताने घालावी लागते.