आकृतिभास, भूदृश्यांतील
डोंगर, कडे, सुळके यांच्या अनघड आकारांत माणसाचा चेहरा, देह किंवा एखादी ओळखीची आकृती दिसणे आणि त्या आकृतीला अर्थ जोडणे, याला भूदृश्यांतील आकृतिभास म्हणता येईल. मानसशास्त्रात अशा भासाला पॅरेडोलिया ही संज्ञा आहे. हा मनोविकार नव्हे. दोन ठिपके आणि त्यांखाली एक आडवी रेघ एवढ्यावरही माणसाला चेहरा दिसतो, कारण चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग चेहऱ्यासारख्या निर्जीव वस्तूंनाही प्रतिसाद देतो.

सह्याद्रीत अशा आकृती विपुल आहेत आणि त्याचे कारण खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यांतले कठीण थर उभे कडे होऊन टिकतात, तर मऊ थर लवकर झिजून आत जातात. त्यामुळे कड्याच्या बाह्यरेषेत कपाळ, नाक, हनुवटी असे चढउतार आपोआप उमटतात आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या अधिकच ठळक होतात.

डोंगरांची नावे हा या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे, कारण पाहणाऱ्याने काय पाहिले आणि कोठून पाहिले हे दोन्ही त्यांत टिकून राहते. खंडाळ्याजवळच्या एकाच कड्यात इथल्या लोकांना नागाची फणा दिसली आणि इंग्रजांना त्यांचा सेनानी ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचे नाक. म्हणून तो नागफणीही आहे आणि ड्यूक्स नोजही. ठाणे जिल्ह्यातील माहुली किल्ल्याच्या सुळक्यांना नवरा, नवरी, भटोबा अशी नावे आहेत. एका सुळक्यात नवरा दिसला की शेजारची नवरी आणि लग्न लावणारा भटजी ओघानेच येतात. येथे आकृतीपेक्षा कथेचा ओघच अधिक प्रभावी ठरतो. नाणेघाटातील नानाचा अंगठा कोकणातून वर पाहताना आभाळात उभारलेल्या अंगठ्यासारखा दिसतो, परंतु जुन्नरकडून घाटमाथ्यावर येणाऱ्याला तेथे केवळ गवताचा सौम्य चढ लागतो. तो चढून माणूस कड्याच्या टोकाशी, म्हणजे अंगठ्याच्याच माथ्यावर, उभा राहतो आणि तरी अंगठा कोठेच दिसत नाही. हे नाव घाटाखालच्या नजरेचे आहे, यात शंका नाही.

श्रद्धेच्या क्षेत्रात हेच पाहणे पूजेचे रूप घेते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची पाच शिखरे शिवाची पाच मुखे मानली जातात. गणपतीपुळ्यास डोंगरच गणेशस्वरूप मानला जात असल्याने प्रदक्षिणा डोंगराभोवती घालतात. अशा स्थळांना दृष्टिभ्रम म्हणून मोकळे होणे अपुरे आहे, कारण तेथे आकाराचे साम्य हे निमित्त असते आणि स्थळाशी जडलेले नाते मुख्य.

यंत्राने टिपलेल्या चित्रांतही हा भास होतो. व्हायकिंग १ यानाने १९७६ मध्ये मंगळावर टिपलेला ‘चेहरा’ पुढील यानांच्या अधिक स्पष्ट छायाचित्रांत साधा पठारी डोंगर निघाला.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात ग्रॅनाइटच्या कड्यावर दिसणारा ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ हा चेहरा ३ मे २००३ रोजी कोसळला. त्याच्या स्मारकात पोलादी खांब उभारले असून, स्वतःच्या उंचीनुसार ठरवलेल्या खुणेवर उभे राहून एका खांबाच्या कडेने पाहिले असता रिकाम्या कड्यावर तो चेहरा पुन्हा दिसतो.