पडला की मारला?

डोक्याला मार लागून माणूस गेला की तपासापासून न्यायालयापर्यंत एकच प्रश्न पाठ सोडत नाही: तो पडला, की त्याला कुणी मारलं? कवटीला हे विचारायची रीत मात्र सावकाश घडत गेली.

चीनमधले न्यायाधिकारी सुंग त्स यांनी १२४७ साली मृत्यूच्या तपासावर ग्रंथ लिहिला. त्यात हाडं वाफवून, भर उन्हात तेल लावलेल्या लाल छत्रीखाली धरायला सांगितलं आहे. मोडलेल्या जागी तांबूस रेघ दिसली, तर जखम जिवंतपणीची. छत्रीतून गाळलेल्या उजेडात पुरावा शोधणाऱ्या त्या नजरेचं मला आजही नवल वाटतं.

अठराव्या शतकात युरोपातल्या शल्यचिकित्सकांना वेगळंच कोडं पडलं. मार एका बाजूला, इजा भलत्याच बाजूला! पॅरिसच्या शस्त्रक्रिया अकादमीने या ‘काँत्रकू’वर निबंधांसाठी बक्षीसही लावलं. पुढे १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी जिलेटिनचा मेंदू बनवून दाखवलं की डोकं झटक्यात फिरलं की मेंदू आतल्या आत पिळवटतो. आज शवविच्छेदनात याच खुणा पाहतात. माणूस मागे पडून डोकं आपटलं, तर मेंदू चेचलेला सापडतो तो बहुधा पुढे, कपाळामागे. स्थिर डोक्यावर काठी बसली, तर इजा बहुतेक घावाखालीच असते. अपवाद असतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

घाव किती, आधीचा कोणता? याचं उत्तर जर्मन न्यायवैद्यक तज्ज्ञ गेओर्ग प्युप्पे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलं. दुसऱ्या घावाची भेग पहिल्या भेगेपाशी येऊन थांबते, ती ओलांडत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ‘एकदाच पडला’ हा बचाव तिच्यापुढे कोसळू शकतो.

काही वेळा कवटी शाबूत असते आणि तरी माणूस शुद्धीवर न येताच जातो. १९५६ मध्ये सबीना स्ट्रिच यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत फाटलेले चेतातंतू दाखवले. १९९० च्या दशकापासून फाटलेल्या तंतूंत साचणाऱ्या बीटा-एपीपी या प्रथिनाला रंगवून ते शोधता येऊ लागले. पण तो रंग दिसायला इजेनंतर साधारण दोन-तीन तास जीव असावा लागतो. त्याआधीच मृत्यू आला असेल तर सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी कोरीच राहते. मग डोक्याची कातडी उलटून आतला काळानिळा डाग बघायचा आणि भेगा कुठे थांबतात ते शोधायचं, हेच हाती उरतं.